किनाऱ्यावरची वाळू, कुत्र्यांची विष्ठा आणि जंत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात, गणपतीत आणि नाताळच्या सुट्टीत कोकणातल्या किनाऱ्यांवर गर्दी वाढली की आमच्याकडे ठरावीक प्रश्न येऊ लागतात. काही होमस्टेवाल्यांचे असतात, काही पाळीव कुत्रं घेऊन फिरायला येणाऱ्यांचे आणि बरेचसे लहान मुलांच्या आईवडलांचे. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो : विष्ठा पडली त्याच दिवशी उचलली, तर खाली लिहिलेल्या त्रासांपैकी बहुतेक त्रास उद्भवतच नाहीत. हे असं का, ते दुसऱ्या प्रश्नात आहे. घाई असेल तर निदान तेवढं तरी वाचाच.

कुत्र्याच्या विष्ठेत एवढं असतं तरी काय?

जंतांची अंडी. डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक. माणसाच्या दृष्टीनं त्यातले तीन प्रकार महत्त्वाचे. पहिला गोलकृमी, शास्त्रीय नाव टोक्सोकारा कॅनिस. हा कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो, बोटभर ते वीतभर लांब होतो आणि त्याची एक मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालू शकते. दुसरा अंकुशकृमी, म्हणजे अँसायलोस्टोमा. हा आतड्याच्या आवरणाला चिकटून रक्त पितो. त्याची अंडी जमिनीत फुटतात आणि अळ्या बाहेर येतात. तिसरा पट्टकृमी, इकायनोकॉकस. आकारानं अगदी लहान, पण माणसाच्या शरीरात त्याच्यामुळे मोठ्या गाठी होतात.

कुत्रं वरून धडधाकट, तुकतुकीत दिसतं म्हणून त्याच्या पोटात जंत नाहीत असं समजू नका. मोठ्या कुत्र्यात जंत असूनही बाहेरून काहीच कळत नाही, असं नेहमी होतं.

ताजी विष्ठा जास्त वाईट की वाळून गेलेली?

लोकांना ताजी वाईट वाटते. वास येतो, माशा बसतात, पाय पडला तर शिसारी येते. जंतांचा हिशेब मात्र उलटा आहे.

गोलकृमीचं अंडं विष्ठेतून बाहेर पडतं तेव्हा कच्चं असतं. त्या दिवशी ते चुकून पोटात गेलं तरी त्यातून रोग होत नाही. आत अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. आपल्याकडच्या दमट उष्ण हवेत हे काम लवकर उरकतं. तोवर विष्ठा वाळलेली असते, पायांखाली चुरगळलेली असते, पहिल्या सरीत विरघळून गेलेली असते. जागा स्वच्छ दिसते, अंडी मात्र तिथेच मातीत असतात. त्यांचं कवच इतकं चिवट असतं की सावलीतल्या ओलसर मातीत ती वर्षानुवर्षं तग धरतात.

अंकुशकृमीचं वेळापत्रक याहून आवळलेलं आहे. उबदार, ओलसर, सावलीच्या वाळूत अंडं एकदोन दिवसांत फुटतं आणि साधारण आठवड्याभरात अळी माणसाच्या त्वचेत शिरण्याइतकी वाढते. पुढे तीनचार आठवडे ती वाळूत वाट बघत राहू शकते.

म्हणून ‘आजचं आज उचला’ हा आमचा आग्रह नुसता स्वच्छतेपुरता नाही. विष्ठा उचलली जाते तेव्हा अंडीही तिच्याबरोबर जातात. चार दिवसांनी तिथे उचलण्यासारखं काही उरत नाही, आणि धोका तेव्हाच सुरू होतो. याला अपवाद पट्टकृमीचा. त्याची अंडी बाहेर पडल्या क्षणापासूनच रोग देऊ शकतात, म्हणून उचलताना हाताला पिशवी हवीच.

आम्ही वर पायानं वाळू ओढतो. तेवढं पुरेसं नाही का?

नाही, उलट हे सगळ्यांत वाईट. भर उन्हात तापलेल्या कोरड्या वाळूत अंकुशकृमीच्या अळ्या फार टिकत नाहीत, ऊन त्यांना सुकवून मारतं. तुम्ही वर वाळू ओढलीत की सावली दिलीत, ओल राखलीत आणि वर पुढच्या माणसाच्या नजरेआड केलंत. त्याच जागी संध्याकाळी एखादं पोर किल्ला करायला बसतं. उचलता येत नसेल तर उघड्यावर राहिलेली बरी, निदान दिसते तरी. पण खरं तर उचलाच.

समुद्र धुऊन नेतो ना सगळं?

“समुद्र सगळा घेवन जातलो, कित्याक काळजी करतास?” हे मालवणात ऐकलेलं वाक्य. जिथवर पाणी पोचतं तिथवर ते बरंचसं खरंही आहे. भरतीच्या पाण्यानं रोज भिजणारी घट्ट ओली पुळण या बाबतीत किनाऱ्यावरची सगळ्यांत सुरक्षित जागा. पण पाणी दर दिवशी सारखं वर चढत नाही. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीला, ते सुरूच्या झाडांच्या मुळांपर्यंत येतं, भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, निम्म्यावरूनच परत फिरतं. माणसं बसतात, चटया पसरतात, मुलं खड्डे खणतात ते भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या बनाच्या कडेला. कुत्रीही दुपारी तिथेच पडलेली असतात, कारण सावली तिथे आहे आणि भेळ, ऑम्लेटच्या गाड्याही तिथेच आहेत. काशीद घ्या, हर्णै घ्या, गुहागर, भाट्ये किंवा तारकर्ली घ्या, चित्र सारखंच.

तेव्हा चालायचं तर पाण्याच्या कडेनं चाला. सुरूखाली जाताना पायात चप्पल हवी. बसायला जाड चटई किंवा खुर्ची घ्या. पातळ टॉवेल पुरत नाही, कारण तो लगेच ओला होतो आणि अंग वाळूला टेकतं.

किनाऱ्यावरून आल्यावर पायावर लाल, वळणावळणाची रेघ उठली आहे. रात्री खाज सुटते. हे काय?

बहुधा अंकुशकृमीची अळी. डॉक्टर याला क्युटेनियस लार्वा मायग्रन्स म्हणतात. अळी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी मोठी असते, उघड्या त्वचेतून आत शिरते. कुत्र्याच्या शरीरात ती पुढे रक्तात आणि आतड्यात जाते. माणसाच्या त्वचेतून खोल जायची वाट तिला सहसा सापडत नाही, म्हणून ती वरच्या थरातच भरकटत राहते. आधी मुंगी चावल्यासारखा ठिपका येतो, मग काही दिवसांत सुतासारखी उंचावलेली रेघ, आणि ती दिवसाला काही मिलिमीटरपासून एकदोन सेंटिमीटरपर्यंत पुढे सरकते. ही पुढे सरकणारी रेघच ओळखीची खूण.

आमच्या शेजारी मे महिन्यात मुंबईहून आलेल्या एका मुलाच्या तळपायाच्या कडेला अशी रेघ उठली. घरच्यांना ती नागीण वाटली. कुणीतरी झाडपाल्याचा लेप सांगितला, मग औषधाच्या दुकानातून नायट्याची ट्यूब आली. खाजवून खाजवून कातडी सोलली आणि वर जखम पिकली. त्याच्या आजीनं रोज रात्री रेघेच्या टोकाला बॉलपेननं खूण करायला सुरुवात केली. सकाळी रेघ खुणेच्या पुढे गेलेली दिसायची. मोबाइलमधले ते फोटो बघितल्यावर डॉक्टरांना दुसरं काही विचारावंच लागलं नाही. नागीण अशी रांगत नाही. तिला पुंजक्यानं फोड येतात आणि ती खाजण्यापेक्षा जास्त दुखते.

उपचार सोपा आहे. आयव्हरमेक्टिन किंवा अल्बेंडाझोल पोटात घेतल्यावर बहुतेकांची खाज काही दिवसांत थांबते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून डॉक्टरांकडूनच घ्या. लहान मुलांना आणि गरोदर बाईला मनानं काही देऊ नका. सुईनं टोचून अळी काढायचा प्रयत्न करू नका. बर्फ किंवा चटकाही नको. अळी दिसणाऱ्या रेघेच्या थोडी पुढे गेलेली असते, त्यामुळे हाताला काही लागत नाही आणि जखम मात्र होते. औषध नाही घेतलं तरी ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप मरते, पण तेवढे दिवस पोराला झोपेविना ठेवण्यात काय अर्थ?

धाकटी माती, वाळू तोंडात घालते. काळजी करावी का?

हो, पण घाबरून जाऊ नका. इथे प्रश्न गोलकृमीचा. त्याची पक्व अंडी पोटात गेली की आतड्यात फुटतात आणि अळ्या रक्तातून यकृत, फुप्फुस, क्वचित डोळ्यात किंवा मेंदूत पोचतात. बहुतेक मुलांना काहीच त्रास होत नाही. काहींना रेंगाळणारा ताप, खोकला, दम्यासारखी घरघर, पोटदुखी होते आणि यकृत वाढतं. रक्ताच्या साध्या तपासणीत इओसिनोफिल पेशी खूप वाढलेल्या दिसल्या, तर डॉक्टरांना सांगा की मूल माती खातं आणि घराभोवती कुत्र्याची पिल्लं आहेत. हे न सांगितल्यामुळे नुसत्या खोकल्याच्या औषधांवर महिने जातात.

डोळ्याचं मात्र गंभीरपणे घ्या. अळी डोळ्यात गेली तर बहुधा एकाच डोळ्यात जाते. पडद्यावर व्रण पडतो आणि त्या डोळ्याची नजर कायमची अधू होऊ शकते. मूल तक्रार करत नाही, कारण दुसरा डोळा सांभाळून घेतो. घरी एक साधी गोष्ट करून बघा : एक डोळा हातानं झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तारखा वाचायला सांगा, मग दुसरा झाकून. एका डोळ्यानं कमी दिसत असेल, डोळा तिरळा होऊ लागला असेल किंवा बुबुळात पांढरी झाक दिसली, तर नेत्रतज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात जा. पांढरी झाक इतर गंभीर आजारांतही दिसते, म्हणून तिथे अंदाज बांधत बसू नका.

शाळेत जंताची गोळी दिली होती. मग हे कसं झालं?

राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात. ती गोळी माणसाच्या आतड्यातल्या जंतांसाठी आहे आणि ती जरूर द्या. पण कुत्र्याच्या गोलकृमीच्या अळ्या माणसाच्या आतड्यात राहत नाहीत, त्या यकृतात, स्नायूंत शिरतात. तिथे एका गोळीनं भागत नाही, डॉक्टर काही दिवसांचा कोर्स देतात. आणि गोळीचा परिणाम थोड्या काळापुरता असतो. उद्या पुन्हा माती तोंडात गेली तर कालची गोळी आड येत नाही.

शौचाची तपासणी केली, त्यात काहीच निघालं नाही.

निघणारच नाही. कुत्र्याचा गोलकृमी माणसात पूर्ण वाढत नाही, अंडी घालत नाही. त्यासाठी रक्ताची एलायझा तपासणी असते. ती जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहराच्या ठिकाणी करावी लागेल.

दारात बांधकामाची वाळू पडली आहे. मुलं तिच्यावरून उतरतच नाहीत.

किनाऱ्यापेक्षा मला या ढिगाची जास्त चिंता वाटते. घर बांधायला काढलं की चिऱ्यांची रास आणि वाळूचा ढीग महिनोन्‌महिने अंगणात राहतो. दिवसा त्यावर मुलं खेळतात, रात्री मांजरं आणि कुत्री येतात. मांजर तर स्वभावानंच खड्डा करून वर वाळू ओढतं, आणि मांजराचा गोलकृमी आणि अंकुशकृमीही माणसाला तसाच त्रास देतो. या ढिगाला भरतीचं पाणी लागत नाही आणि वर आंब्याफणसाची सावली असते. संध्याकाळी काम थांबलं की ढीग ताडपत्रीनं झाका आणि कडांवर चिरे ठेवा. अंगणवाडीत, शाळेत खेळायला वाळू टाकली असेल तर तीही रोज झाकली पाहिजे.

सगळ्यांत जास्त अंडी कुठल्या कुत्र्यांकडून येतात?

पिल्लांकडून. ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. कुत्रीच्या स्नायूंमध्ये गोलकृमीच्या अळ्या निपचित पडून असतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात आणि वारेतून पिल्लांच्या शरीरात जातात, पुढे दुधातूनही जातात. म्हणजे पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येतं. आईला आधी साधं जंताचं औषध दिलेलं असलं तरी या निपचित अळ्यांपर्यंत ते पोचत नाही. तीनचार आठवड्यांची पिल्लं विष्ठेतून अंडी सोडू लागतात, आणि नेमकी त्याच वयाची गोजिरवाणी पिल्लं मुलं उचलून कुशीत घेतात.

म्हणून पिल्लांना पहिलं औषध दोन आठवड्यांचं असताना, मग चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात. त्याच वेळी आईलाही. पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. आपल्याकडे बहुतेक लोक पहिल्या लसीच्या वेळी, दीडदोन महिन्यांनी पहिलं औषध देतात. तोवर अंगणात लाखो अंडी पडून गेलेली असतात.

औषध पशुवैद्यकाकडून, वजन बघून घ्या. गोल आणि अंकुशकृमीच्या औषधानं पट्टकृमी मरतीलच असं नाही, त्यासाठी प्राझिक्वांटेल असलेलं औषध लागतं. माणसाच्या गोळ्या अर्ध्या करून देऊ नका. कोलीसारख्या काही जातींना आयव्हरमेक्टिन जिवावर बेतू शकतं.

मटणाच्या दुकानाबाहेर कुत्र्यांना कलेजी, फुप्फुसाचे तुकडे टाकतात. त्यात काय वाईट?

पट्टकृमीचं चक्र तिथेच पुरं होतं. शेळ्यामेंढ्यांच्या यकृतात, फुप्फुसात या जंताच्या पाण्यानं भरलेल्या गाठी असू शकतात. त्या कच्च्या खाल्ल्या की कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी वाढतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर येतात. ती माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात हायडॅटिड गाठ होते. ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि बऱ्याचदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते. कित्येकांना शस्त्रक्रिया करावी लागते. कुत्र्याला द्यायचंच असेल तर चांगलं उकळून द्या. गाठ दिसलेला तुकडा मात्र कुत्र्याच्या तोंडी लागू नये, तो जाळा किंवा खोल पुरा. जत्रेच्या, देवकार्याच्या दिवशी बकरी कापली जातात तिथे हे आवर्जून बघा.

फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर टाकली तर?

वास जाईल, अंडी मरणार नाहीत. नेहमीच्या प्रमाणातल्या फिनेलचा, ब्लीचचा गोलकृमीच्या कवचावर परिणाम होत नाही. फरशी किंवा सिमेंटचं खळं असेल तर विष्ठा उचलून वर उकळतं पाणी ओता. मातीत हे साधत नाही.

उचलली, पण टाकायची कुठे? आमच्याकडे घंटागाडी येत नाही.

रास्त अडचण आहे. घरच्या कुत्र्याची असेल तर शौचालयात टाकून पाणी सोडा, पिशवी मात्र आत जाऊ देऊ नका. किंवा वाडीच्या एका टोकाला दोन फूट खोल खड्डा करा, विहिरीपासून आणि वहाळापासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला. प्रत्येक वेळी वर माती टाका आणि त्यावर झाकण ठेवा. किनाऱ्यावर वाळू ओढणं आणि हे एकच नव्हे. इथे खोली आहे, आणि तिथे कुणी अनवाणी जात नाही. भाजीच्या खतात ही विष्ठा घालू नका. घरगुती खताचा खड्डा अंडी मारण्याइतका तापत नाही.

सुकी मासळी, पालेभाजी यांचं काय?

मासळी पुळणीवर न पसरता बांबूच्या मांडवावर सुकवलेली चांगली. शिजवल्यावर, तळल्यावर अंडी मरतात. कच्चा मुळा, कोथिंबीर, काकडी वाहत्या पाण्यात चोळून धुवा.

यातून रेबीज किंवा लेप्टो होतो का?

रेबीज विष्ठेतून होत नाही, तो चावल्यानं, लाळेतून होतो. लेप्टो हा जिवाणूंचा आजार, उंदीर, गुरं आणि कुत्र्यांच्या मुतातून पाण्यात येतो. पावसाळ्यात पायाला जखम असताना शेताच्या चिखलात काम केलं आणि ताप आला, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

भटकी कुत्री पकडून लांब सोडून दिली तर प्रश्न मिटेल?

मिटत नाही. अन्न मिळतं तोवर मोकळ्या जागेत दुसरी कुत्री येतात, त्यांना पुन्हा पिल्लं होतात, आणि पिल्लं म्हणजे काय ते वर लिहिलंच आहे. विष घालणं हा गुन्हा आहे, आणि त्याहून आधी क्रूरपणा आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसार कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून ती त्याच भागात सोडायची असतात आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लसीकरणाच्या बरोबरीनं जंतनाशनही सांगितलं. माझ्या मते नसबंदी हाच वाळू स्वच्छ ठेवण्याचा सर्वांत भक्कम उपाय आहे, कारण ती अंड्यांचा मोठा कारखानाच बंद करते.

किनाऱ्यावर कुत्र्यांना प्रेमानं खाऊ घालणाऱ्यांना विनंती : खाऊ घाला, पण जागा बदला. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी. २०२३ च्या नियमांतही हेच म्हटलं आहे. कुत्री खातात तिथेच आसपास शी करतात, म्हणजे उचलायलाही सोपं. पशुवैद्यकाला विचारून त्याच खाण्यातून जंताचं औषधही देता येतं.

ग्रामसभेत नेमकं काय मागायचं?

नुसतं ‘कुत्र्यांचा बंदोबस्त करा’ म्हटलं की ठराव होतो आणि विषय तिथेच संपतो. मोजकं, करता येण्यासारखं मागा. किनाऱ्यावर उतरायच्या प्रत्येक वाटेवर झाकणाचा डबा आणि कागदी पिशव्या. सकाळी झाडणाऱ्या माणसाच्या हाती लांब दांड्याचं फावडं, हातमोजे आणि बूट, आणि सुरूच्या कडेचा पट्टा रोज झाडण्याचं काम त्याच्या नावावर लिहिलेलं. हा माणूस अनवाणी राबतो आणि सगळ्यांत आधी त्याच्याच पायात अळी शिरते, याची आठवण सभेत कुणीतरी करून द्यायला हवी. पाळीव कुत्रं किनाऱ्यावर आणणाऱ्याला पट्टा सक्तीचा. स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना मिळणाऱ्या ‘ब्लू फ्लॅग’ या आंतरराष्ट्रीय मानांकनाच्या निकषांतही कुत्र्यांच्या वावरावर नियंत्रणाची अट आहे, तेव्हा पर्यटनवाल्यांनी याला आडकाठी करण्याचं कारण नाही. आणि नसबंदीच्या शिबिरासाठी शेजारच्या दोनतीन ग्रामपंचायतींनी मिळून प्रस्ताव द्यावा. एकट्या गावाला तो खर्च झेपत नाही, आणि कुत्री काही गावाची वेस पाळत नाहीत. शिबीर भरेपर्यंत निदान या हंगामातली पिल्लं कुठल्या पडवीत, कुठल्या होडीखाली झाली आहेत त्याची यादी करून पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, म्हणजे त्यांना दोन आठवड्यांची असताना द्यायचं पहिलं औषध वेळेवर मिळेल.